तहात कोण हरते?

10 मे 2025 रोजी दुपारी पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांनी भारताच्या महासंचालकांना दूरध्वनी केला. त्याच संध्याकाळी पाच वाजल्यापासून जमिनीवर, आकाशात आणि समुद्रात मारा थांबवायचे ठरले. बातमी आली आणि आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव राजाच्या पारापासून पुण्यामुंबईच्या चर्चासत्रांपर्यंत एकच वाक्य ऐकू येऊ लागले: रणात कमवायचे आणि तहात गमवायचे, हे आपले जुनेच आहे. 1949 च्या युद्धबंदीविषयी हेच बोलले जाते, 1966 च्या ताश्कंदविषयी आणि 1972 च्या सिमल्याविषयीही हेच. मराठी माणूस त्यात आपल्या इतिहासातले दोनचार तह जोडतो आणि विषय संपवतो.

मला हे वाक्य उथळ वाटते, कारण ते आपल्याला भलत्याच जागी पाहायला लावते. त्यात तहाची सगळी किंमत जमिनीच्या मापात धरलेली असते. किती कोस मिळाले, किती सोडले, एवढाच हिशेब. माझे म्हणणे असे आहे की युद्धबंदीची रेषा बहुधा तिथेच पडते जिथे फौजेचा, दाणागोट्याचा आणि तिजोरीचा दम संपलेला असतो. तहाला बसलेली माणसे ती जागा फारशी हलवू शकत नाहीत. त्यांच्या हातात वेगळ्याच गोष्टी असतात: करारात कोणाला धरायचे, कोणता प्रश्न मोघम ठेवायचा, मोघम राहिलेल्याचा निवाडा कोणी करायचा आणि रेषेच्या आत सापडलेल्या रयतेची जबाबदारी कोणावर टाकायची. तह टिकतो किंवा नासतो तो इथे. हे तपासायला काश्मीरला जायची गरज नाही. 1803 सालच्या अखेरीस अवघ्या सव्वा महिन्यात आपल्या वऱ्हाडात एक शस्त्रसंधी, एक लढाई, एका किल्ल्याचा पाडाव आणि दोन तह झाले. त्यांतल्या एका तहाची रेषा आजही आपल्या जिल्ह्यांच्या नकाशावर आहे.

1. पुरंदर आणि खर्डा

आधी त्या लाडक्या वाक्याचीच परीक्षा घेऊ. जमीन हेच माप मानले तर 1665 चा पुरंदरचा तह हा मराठ्यांच्या इतिहासातला मोठ्या नामुष्कीचा तह ठरतो. तेवीस किल्ले मोगलांना गेले, बारा उरले. पण त्या तहाने राज्य शिल्लक राहिले, कारभार शिल्लक राहिला, माणसे शिल्लक राहिली. 1670 मध्ये सिंहगडापासून सुरुवात करून शिवाजी महाराजांनी गेलेल्यातले बहुतेक किल्ले परत घेतले. जे गेले ते दगडचुन्याचे होते आणि जे राखले त्याच्या बळावर ते परत आले.

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण पाहू. मार्च 1795 मध्ये खर्ड्याला निजामाचा पाडाव झाला. तहही तितकाच जबर झाला. दौलताबादचा किल्ला, परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख, तीन कोटी रुपये, शिवाय निजामाचा दिवाण मशीर-उल्-मुल्क ओलीस म्हणून पुण्यात. रणात जिंकले आणि तहातही जिंकले, असा हा तह. त्याचे पुढे काय झाले? ऑक्टोबर 1795 मध्ये सवाई माधवराव वारले, गादीच्या वारसावरून पुण्यात कारस्थाने सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी नाना फडणवीसांनी निजामाचा पाठिंबा मिळवण्यासाठी महाडला त्याच्याशी करार करून खर्ड्याला मिळवलेले परत देऊ केले. दीड वर्षात सगळे पाणी झाले. तह लिहिणाऱ्यांकडून काही चुकले नव्हते. त्या तहाला पाठीशी घालणारी सत्ता घरातच दुभंगली होती.

या दोन उदाहरणांतून एवढे नक्की निघते की मिळालेली किंवा गेलेली जमीन हे तहाच्या यशापयशाचे माप होऊ शकत नाही. मग माप कोणते? त्यासाठी वऱ्हाडात येऊ.

2. अडगावच्या आधीचे सहा दिवस

23 सप्टेंबर 1803 रोजी असईला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, बुलढाण्याच्या शेजारी, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. वेलस्लीचेही भयंकर नुकसान झाले होते. पण पुढच्या दोन महिन्यांत शिंद्यांच्या बाजूने एकेक खांब कोसळत गेला. उत्तरेत दिल्ली गेलेलीच होती, ऑक्टोबरात वेलस्लीचा सहकारी स्टीव्हन्सन याने बऱ्हाणपूर आणि असीरगड घेतले, 1 नोव्हेंबरला लासवारीला शिंद्यांच्या कवायती पलटणी मोडल्या. शिंद्यांना श्वास घ्यायला जागा हवी होती. त्यांचे वकील यशवंतराव घोरपडे वेलस्लीच्या छावणीत पोहोचले आणि असईच्या बरोबर दोन महिन्यांनी, 23 नोव्हेंबरला, शस्त्रसंधी झाला.

त्यातल्या अटी नीट वाचाव्यात अशा आहेत. संधी दख्खन आणि गुजरातपुरता होता. उत्तर हिंदुस्थानातली लढाई त्यात नव्हती, म्हणजे तिथल्या इंग्रज फौजेच्या जनरल लेकचा हात मोकळा राहिला. शिंद्यांच्या फौजेने एलिचपूरच्या पूर्वेला वीस कोसांवर, म्हणजे सुमारे चाळीस मैलांवर, सरकून राहायचे होते. आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: या संधीत भोसले नव्हते. त्यांच्याकडून वकील आला नाही म्हणून त्यांना धरले नाही, असे कारण दिले गेले. शिंदे आणि भोसले एकाच मोहिमेवर होते, त्यांच्या छावण्या एकमेकींना लागून होत्या, आणि त्यांतल्या एकाशीच लढाई थांबली होती.

वेलस्लीला हे नकळत झाले असे समजू नये. दोन मित्रांना वेगळे काढायचे, शिंद्यांना बाजूला बसवायचे आणि स्टीव्हन्सनला भोसल्यांच्या गाविलगडावर मोकळेपणाने जाऊ द्यायचे, हा त्याचा हिशेब त्याच्या पत्रांतून उघड दिसतो. संधी पाळणे गैरसोयीचे झाले तर तो मोडता येईल, हेही त्याने मनात धरलेले होते.

पुढचे सहा दिवस या हिशेबाप्रमाणेच गेले. शिंद्यांची फौज ठरल्याप्रमाणे पूर्वेला सरकली नाही. ती भोसल्यांच्या पायदळाजवळ, आजच्या तेल्हारा तालुक्यातल्या शिरसोलीच्या परिसरात राहिली. 29 नोव्हेंबरला वेलस्ली पुढे आला तेव्हा शिंद्यांच्या वकिलांनी त्याला लढाई न करण्याची विनवणी केली. त्याचे उत्तर सरळ होते: भोसल्यांशी माझा संधी नाही आणि तुमच्याशी आहे तो तुम्ही अटी पाळल्या तर. त्याच दुपारी अडगावच्या मैदानात लढाई झाली. दोन्ही फौजा मोडल्या, अडतीस तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. 15 डिसेंबरला किल्लेदार बेनीसिंगसह गाविलगड पडला, 17 ला देवगावला भोसल्यांचा तह झाला आणि 30 ला सुर्जी अंजनगावला शिंद्यांचा.

शाळेत हा भाग शिकवताना इंग्रजांनी विश्वासघात केला असे सांगितले जाते. अक्षर पाहिले तर वेलस्ली त्याच्या बाजूने होता, शिंद्यांनी अट पाळली नव्हती. माझा राग शिंद्यांच्या दरबारावर आहे. मित्राला बाहेर ठेवणारा कागद त्यांनी मान्य केला आणि मग त्या मित्राच्या छावणीशेजारीच तळ ठेवला. संधी एकट्यापुरता घेऊन लढाईत जोडीने उभे राहायचे, असे दोन्ही साधता येत नव्हते. अर्धवट युद्धबंदी ही दुबळ्या बाजूला पूर्ण युद्धापेक्षा महाग पडते, कारण बलवान बाजूला शत्रू एकेक करून गाठायची सोय मिळते. अडगावात जे गेले ते रेषा चुकीच्या जागी आखल्यामुळे गेले नाही. ती रेषा तर शिंद्यांनी ओलांडलीही नव्हती, तिच्यापर्यंत ते पोहोचलेच नव्हते. करारात कोण आहे आणि कोण नाही, या प्रश्नावर ते गेले.

हीच गोष्ट जगात पुन्हा पुन्हा घडली आहे. 27 जुलै 1953 च्या कोरियाच्या शस्त्रसंधीवर दक्षिण कोरियाची सही नाही. सिंगमन ऱ्ही यांनी ती करायचे नाकारले. ज्यांच्या भूमीवर तीन वर्षे युद्ध चालले त्यांचीच सही नसलेला तो कागद सत्तर वर्षांनंतरही शांततेच्या तहात बदललेला नाही.

3. वर्धेची रेषा आणि आतली रयत

देवगावच्या तहाने भोसल्यांनी कटक आणि बालेश्वर इंग्रजांना दिले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे कलम दुसरे आहे. वर्धा नदीच्या पश्चिमेकडच्या, निजामाबरोबर ज्या मुलखाचा महसूल ते वाटून घेत होते त्यावरचा सगळा हक्क भोसल्यांनी सोडला. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले आणि त्यांच्या दक्षिणेला लागून असलेला चार लाखांचा मुलूख एवढे त्यांच्याकडे राहिले. वर्धा ही भोसले आणि निजाम यांच्यामधली सीमा ठरली.

या कलमाने एक जुना रोग बरा केला, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. 1719 च्या मोगली सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मराठ्यांना मिळाली. 1724 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजाम-उल्-मुल्काने मुबारिझखानाला हरवून दख्खन स्वतःच्या हाताखाली आणले. तेव्हापासून वऱ्हाडात दोन धनी झाले. निजामाचा अंमलदार वेगळा, भोसल्यांचा वेगळा, आणि दोघांनी वसुली करायची ती एकाच शेतातून. या दुअंमलात रयतेला तक्रार करायला दोन दरवाजे होते आणि दोन्हीकडून ती दुसऱ्या दरवाजाकडे धाडली जाई. ज्ञानगंगेच्या आणि पूर्णेच्या काठच्या गावांना जवळजवळ ऐंशी वर्षे हे सोसावे लागले. देवगावच्या तहाने एक अंमलदार काढून टाकला. नदीसारखी डोळ्यांना दिसणारी, वाद घालता न येणारी सीमा दिली. रेषा म्हणून पाहिले तर ती चांगली रेषा होती.

आणि तरीही पुढची पन्नास वर्षे वऱ्हाडाच्या वाईट वर्षांत मोडतात. ज्यांना जमीन हेच माप वाटते त्यांना याचा उलगडा होणार नाही. उलगडा कलमांत आहे. तहाने, आणि त्यानंतर 1804 मध्ये झालेल्या वाटणीच्या कराराने, वऱ्हाडचा महसूल निजामाला दिला. त्याबरोबर कारभाराचे कोणतेही बंधन दिले नाही. लुटारू टोळ्यांचा बंदोबस्त कोणी करायचा, मोहिमेत उद्ध्वस्त झालेल्या गावांची लावणी कशी करायची, 1803-04 च्या दुष्काळात ओस पडलेल्या जमिनींना सूट द्यायची की नाही, यांतले एक अक्षरही त्यात नाही. मुलूख म्हणजे उत्पन्न, एवढीच त्या कागदांची समज होती. चार लाखांचा मुलूख, असे शब्द त्यात येतात. त्या चार लाखांत किती गावे आणि किती माणसे आहेत, हे विचारायचे कोणाच्या मनात आले नाही.

मग जे व्हायचे ते झाले. हैदराबादच्या दरबाराला पैसा लागे तसा वऱ्हाडचा महसूल मक्त्याने दिला जाऊ लागला. चंदूलालच्या दिवाणगिरीत तो पूरणमलसारख्या सावकारांकडे गेला, पुढे पेस्तनजी मेहेरजी आणि विकाजी मेहेरजी या पारशी पेढीकडे गहाण पडला. मक्तेदाराचे लक्ष या वर्षीच्या वसुलीवर असते, पुढच्या वर्षीच्या पेरणीशी त्याचा संबंध नसतो. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची पण निजामाच्या खर्चाने पोसलेली कंटिंजंट फौज त्या तिजोरीवर बसलेलीच होती. तिचे पैसे थकले आणि 21 मे 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिले गेले. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने सालीना पंचवीस लाखांवर त्याचा कायमचा पट्टा करून घेतला. मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, असा नवा दुअंमलच तयार झाला. 1936 मध्ये निजामाच्या वारसाला प्रिन्स ऑफ बेरार ही पदवी मिळाली, तेव्हाही इथल्या शेतकऱ्याचा सातबारा आणि निजामाची मालकी यांचा एकमेकांशी काहीही संबंध उरलेला नव्हता.

रेषा मात्र राहिल्या. वर्धेच्या पूर्वेला नागपूर प्रांत आणि पश्चिमेला वऱ्हाड. आज अमरावती आणि यवतमाळ जिल्हे वर्धा जिल्ह्यापासून त्याच नदीने वेगळे होतात. दक्षिणेकडे 1853 ची रेषा राहिली. देऊळगाव राजात 15 ऑगस्ट 1947 ला तिरंगा फडकला, काही कोसांवरच्या जालन्याला 17 सप्टेंबर 1948 पर्यंत वाट पाहावी लागली. एका छावणीत घाईने लिहिलेल्या तहाने आणि त्याच्या पोटी आलेल्या दुसऱ्या तहाने हे ठरवले. तात्पुरती म्हणून आखलेली रेषा कायमची होते, हे ज्याला पटत नाही त्याने वऱ्हाडाचा नकाशा घेऊन बसावे.

4. मोघम सोडलेले कलम

देवगाव आणि अंजनगाव या दोन्ही तहांत एक कलम असे होते की इंग्रजांनी त्या राजांच्या मांडलिकांशी युद्धकाळात जे करार केले असतील ते कायम राहतील आणि त्यांची यादी नंतर दिली जाईल. यादी नंतर. या दोन शब्दांवरून पुढे तीन वर्षे कटकट झाली. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने यादीत ग्वाल्हेर आणि गोहद घातले, भोसल्यांच्या बाबतीत संबलपूर आणि पाटणा. शिंदे आणि भोसले दोघांनीही सांगितले की आम्ही सही केली तेव्हा हे ठरलेले नव्हते. खुद्द आर्थर वेलस्लीला आपल्या मोठ्या भावाचा हा अर्थ पटला नव्हता. शब्द राखण्यापुढे ग्वाल्हेरची किंमत काहीच नाही, असे त्याने कळवले होते. शेवटी 1805 मध्ये ग्वाल्हेर आणि गोहद शिंद्यांना, आणि 1806 मध्ये संबलपूर आणि पाटणा भोसल्यांना परत द्यावे लागले.

दीडशे वर्षांनी हेच पुन्हा घडले. 27 जुलै 1949 रोजी कराचीत भारताकडून लेफ्टनंट जनरल श्रीनागेश यांनी सही केली आणि काश्मीरमधली युद्धबंदीची रेषा ठरली. ती गावागावांतून, ओढ्यानाल्यांवरून बारकाईने आखत नेली आणि श्योकच्या खोऱ्यात चालुंका, खोर इथे आल्यावर पुढे उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत एवढेच लिहून सोडून दिली. तिथे कोण लढायला जाणार, असा विचार होता. 1972 मध्ये सिमल्यानंतर दोन्ही सेनांनी नियंत्रण रेषेचे नकाशे तयार केले, तेव्हाही शेवटचा बिंदू एनजे 9842 वरच थांबला. त्या मोघम शब्दांच्या पोकळीत 13 एप्रिल 1984 ला सियाचिनची लढाई सुरू झाली. तिथे गोळीपेक्षा थंडीने आणि हिमस्खलनाने अधिक जवान गेले आहेत. कराचीच्या मेजावर तिथल्या पाचपन्नास मैलांसाठी एक वाक्य अधिक लिहिले असते तर काय झाले असते, हा प्रश्न जवानांच्या घरच्यांनी विचारला तर आपल्याकडे उत्तर नाही.

उलट बाजूचे उदाहरणही आपल्याच देशात आहे आणि ते फार कमी लोकांना आठवते. 1965 च्या एप्रिलात कच्छच्या रणात भारत आणि पाकिस्तान लढले. 30 जूनला युद्धबंदी झाली आणि तिच्यातच लिहिले गेले की सीमेचा वाद दोघांना मिळून सुटला नाही तर त्रिसदस्य लवाद ठरवील आणि तो निर्णय बंधनकारक राहील. 19 फेब्रुवारी 1968 ला लवादाचा निर्णय आला. पाकिस्तानने मागितलेल्यातला सुमारे एक दशांश भाग त्याला मिळाला. आपल्याकडे त्यावर मोठा संताप झाला, सत्याग्रह झाले. पण खांब रोवले गेले आणि त्या वादावरून पुन्हा युद्ध झाले नाही. त्याच भागातली सर क्रीकची खाडी लवादापुढे नव्हती आणि ती आजही वादात आहे. एकाच वाळवंटात, त्याच दोन देशांत, निवाड्याची सोय केलेला प्रश्न मिटला आणि सोय न केलेला चिघळत राहिला. बांधाच्या वादात जो शेतकरी मोजणी आणून खुणेचे दगड बसवून घेतो तो चार हात जमीन गेली तरी सुखाने पेरणी करतो, हे आपल्या गावात कोणाला सांगावे लागत नाही.

5. पहारा कोणी करायचा

कागदावर सही झाली की लढणाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास बसतो असे नाही. म्हणून कोणीतरी तिसरा लागतो. या बाबतीत एका मराठी सेनानीची कामगिरी आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत. कोरियातली वाटाघाट दीड वर्षाहून अधिक काळ अडली होती ती मुख्यतः कैद्यांच्या प्रश्नावर. मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या कैद्यांचे काय करायचे? शेवटी ठरले की त्यांना तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाच्या ताब्यात द्यायचे. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि प्रत्यक्ष राखणीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडच्या वडगावचे मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. बावीस हजारांवर कैदी एका बाजूचे आणि साडेतीनशेच्या वर दुसऱ्या बाजूचे. दक्षिण कोरियाच्या सरकारने भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून इंचॉनला जहाजांवरून हेलिकॉप्टरने त्यांना थेट निर्लष्करी पट्ट्यात नेले गेले. कैद्यांच्या टोळ्या आतून हिंसक होत्या, दोन्ही बाजूंचे सरदार भारतीयांवर पक्षपाताचा आरोप करत होते, आणि तरीही थोरातांच्या दलाने ठरलेल्या मुदतीपर्यंत ते काम निभावले. तो शस्त्रसंधी आपल्या पहिल्याच हिवाळ्यात मोडला नाही, यात या राखणीचा वाटा मोठा आहे. 1803 च्या वऱ्हाडात असा तिसरा कोणीच नव्हता. शिंद्यांची फौज किती सरकली याचा निवाडा वेलस्ली स्वतःच करत होता, म्हणजे फिर्यादी आणि न्यायाधीश एकच.

6. तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की युद्धबंदीचा फायदा शत्रू दम खायला आणि शस्त्रे जमवायला घेतो. खरे आहे. पण तो फायदा दोन्ही बाजूंना सारखाच खुला असतो, आणि 1803 मध्ये तो बलवान बाजूने घेतला. या आक्षेपाला उत्तर युद्ध चालू ठेवणे हे नसून अंतर, मुदत आणि पाहणीच्या अटी लिहून घेणे हे आहे.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे. 1803 चे तह दोन शेजारी राष्ट्रांमधले नव्हते, ते एका वाढत्या साम्राज्याने घातलेले होते, मग त्यांची तुलना कराची किंवा कोरियाशी कशी? कंपनीची दादागिरी मला मान्य आहे. पण वर्धेची सीमा ही भोसले आणि निजाम या दोन शेजाऱ्यांमधली होती. शिवाय बाहेरच्या महासत्तेचे वजन पडलेले नाही असा शस्त्रसंधी विसाव्या शतकात तरी कुठे आहे? कच्छच्या संधीमागे ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन होते, ताश्कंदमागे कोसिगिन.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. युद्धबंदीची रेषा अन्याय गोठवून टाकते. ज्याने बळाने घेतले त्याच्याकडे ते राहते आणि काळ त्याच्या बाजूने काम करतो. वऱ्हाडाच्या बाबतीत मी वर जे सांगितले ते याचाच पुरावा आहे. मला एवढेच म्हणता येते की लढत राहिल्यानेही अन्याय दूर होतोच असे नाही, त्याची जागा बदलते. डिसेंबर 1971 मध्ये त्याच चालुंक्यासह तुरतुक, त्याक्षी आणि थांग ही गावे भारताकडे आली. आपल्या मापाने तो निव्वळ विजय. त्या गावांतले जे कोणी त्या दिवसांत कामासाठी किंवा शिकायला स्कर्दूला किंवा कराचीला गेले होते ते तिकडेच राहिले. नवरा तिकडे, बायको इकडे, आईबाप इकडे, मुले तिकडे. सिमल्याच्या कागदात नागरिकांच्या येण्याजाण्याची सोय वाढवण्याविषयी सर्वसाधारण वाक्य आहे, या चार गावांसाठी एक ओळही नाही. जिंकलेल्या जमिनीवरच्या माणसांचाही विसर पडतो आणि हरलेल्या जमिनीवरच्या माणसांचाही. म्हणून रेषा कुठे आहे यापेक्षा रेषेच्या दोन्ही बाजूंच्या माणसांसाठी काय लिहिले आहे हे विचारणे अन्यायाच्या दृष्टीनेही अधिक उपयोगाचे आहे.

7. 10 मे चा कागद

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे. नोव्हेंबर 2003 मध्ये नियंत्रण रेषेवर गोळीबार थांबला तो दोन्ही सरकारांनी तसे जाहीर केले म्हणून. 25 फेब्रुवारी 2021 ला तो पुन्हा थांबला तो दोन महासंचालकांच्या संयुक्त निवेदनावर. 10 मे 2025 ला दूरध्वनीवर समझोता झाला, 12 मे ला पुन्हा बोलणे झाले. दोन्ही सेना थांबल्या आणि पूंछ, राजौरी, उरीच्या घरांवर तोफगोळे पडायचे थांबले, हे मी लहान मानत नाही. पूंछमध्ये लढाईच्या त्या चार दिवसांत मेलेली बहुतेक माणसे नागरिक होती. लढाई आणखी चालली असती तर आणखी मेली असती.

पण जुलै 2025 मध्ये संसदेत यावर चर्चा झाली तेव्हा दोन्ही बाकांवरचा बहुतेक वेळ कोणी थांबवले, कोणाच्या सांगण्यावरून थांबवले आणि आणखी किती पुढे जाता आले असते यावर गेला. समझोत्यात काय आहे, हा प्रश्न मागे पडला: भंग झाल्यास प्रथम कोणी कोणाला कळवायचे, ड्रोन आणि सायबर हल्ले त्यात धरले आहेत की फक्त बंदुका आणि तोफा, दहशतवाद्यांचा हल्ला झाला तर समझोता आपोआप संपतो की नाही, रेषेलगतच्या शेतकऱ्याला आपल्या शेतात कधी जाता येईल आणि त्याच्या पडलेल्या घराची भरपाई कोणत्या खात्यातून होईल. 1972 मध्ये सिमल्याचा करार लोकसभेपुढे आला आणि त्याच्या कलमाकलमावर वाद झाला. 10 मे रोजी जे ठरले त्याचीही कलमे लेखी स्वरूपात संसदेच्या पटलावर ठेवावीत, अशी मागणी आपल्या खासदारांकडे करता येईल. मी ती केली आहे आणि पिंपळगाव राजातल्या इतरांनीही करावी असे मला वाटते.